इंजिनाचं ऑइल सील आणि एसी कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील

इंजिनाचं पुढचं ऑइल सील ज्याने बदललंय, त्याला कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील बघून वाटतं की हेही तेच काम. मध्ये फिरता शाफ्ट, भोवती रबराचा ओठ. जुनं उचकटायचं, नवं ठोकायचं. या समजुतीपायी दर उन्हाळ्यात त्याच गाडीत पुन्हा गॅस भरला जातो आणि चांगले कॉम्प्रेसर भंगारात जातात.

इंजिनाच्या सीलबद्दल फार सांगायला नको. आत तेल उडतं, पण दाब जवळपास नसतो. सील झिजलं की इंजिन चालताना तेल पाझरतं, खाली डाग पडतो, डिपस्टिकवर कळतं.

कॉम्प्रेसरच्या सीलचं उलट आहे. त्याला मुख्यतः गॅस अडवायचा असतो, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो एसी बंद असताना! एसी चालू असतो तेव्हा शाफ्टच्या बाजूला सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर आत खेचतो त्या गॅसचा कमी दाब असतो, गाडीच्या एसीतल्या आर-134ए गॅसला साधारण 30 ते 40 पीएसआय. एसी बंद केला की थोड्या वेळात जास्त दाबाची (हाय) आणि कमी दाबाची (लो) दोन्ही बाजू सारख्या होतात. मग सिस्टिममध्ये पुरेसा गॅस असेल तर दाब तापमानावरच ठरतो. 25 अंशांना सुमारे 80 पीएसआय, 40 अंशांना 130 च्या वर. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात पारा 45 ला टेकला की उभ्या गाडीतल्या सीलमागे दीडशे पीएसआय असतात.

त्यात ओठ कोरडा पडतो. एसी चालू असताना गॅसबरोबर फिरणारं तेल ओठाला लागत राहतं. दोन-तीन महिने एसी लावलाच नाही तर ते ओसरतं. "थंडीत एसीला हातही लावला नाही, तरी गॅस गेला कुठे?" असं लोक विचारतात. हात लावला नाही म्हणूनच गेला. आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवाच, डिसेंबरातसुद्धा.

गळती शोधायची तीही याच हिशोबाने. इंजिन बंद, गाडी थोडा वेळ उभी, आणि गॅस हुंगणाऱ्या डिटेक्टरचं टोक कॉम्प्रेसरची क्लच प्लेट (पट्ट्यावरची पुली शाफ्टला जोडणारी चकती) आणि पुलीमधल्या फटीशी. इंजिन चालू ठेवून पंख्याच्या वाऱ्यात डिटेक्टर फिरवणारा मेकॅनिक दिसला की मला राग येतो. खाली थारोळं शोधत बसू नका. बॉनेटच्या आतल्या बाजूला, पुलीच्या रेषेत, क्लचने फेकलेल्या तेलाची काळपट पट्टी बघा. क्लचमागे नुसता ओलसरपणा असेल तर सीलला हात लावू नका, तेवढं पाझरणं चालतं.

पंपाने सिस्टिममधली हवा ओढून काढायची आणि "व्हॅक्यूम धरला, म्हणजे सील ठीक" म्हणायचं, हेही ऐकून कंटाळा आलाय. व्हॅक्यूममध्ये दाबाचा फरक जेमतेम 15 पीएसआय, आणि तोही बाहेरून आत. हा ओठ आतल्या दाबाने शाफ्टला चिकटावा अशा बेताने बनवलेला असतो. खात्री हवी तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावा.

बदलताना आधी गॅस मशीनने काढून घ्या. हवेत सोडणं मला अजिबात मान्य नाही. आर-134ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून पुढे आहे. मग क्लच प्लेट. तिच्यामागच्या पातळ शिम (चकत्या) जपून ठेवा, त्यांच्यावरच ती साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट ठरते. सील धरून ठेवणारी सर्क्लिप (स्प्रिंगची कडी) काढल्यावर सील हुकने ओढायचं, स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही. नखाला लागेल एवढा ओरखडा शाफ्टवर उठला तर नवं सीलही गळणार. नवं बसवताना शाफ्टच्या टोकाच्या स्प्लाइनवर (खाचांवर) टोपी चढवा, नाहीतर त्या धारेनेच ओठ चिरतो. ग्रीस लावू नका. त्या कॉम्प्रेसरला सांगितलेलं तेलच लावा, आर-134ए च्या बहुतेक गाड्यांत ते पॅग नावाचं सिंथेटिक तेल असतं. सँडेन कंपनीच्या जुन्या कॉम्प्रेसरमध्ये ओठाऐवजी कार्बनची रिंग आणि तिच्यासमोर घासणारी सीट असते. हे दोन्ही भाग जोडीनेच बदलायचे आणि घासणाऱ्या बाजूला बोट लावायचं नाही.

गळती थांबवणारी बाटली सिस्टिममध्ये ओतायला माझा ठाम विरोध आहे. आणि काढलेल्या तेलात चंदेरी भुकटी दिसली तर सील बदलण्यात अर्थ नाही, कॉम्प्रेसरच आतून झिजलाय.

इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर फ्रिजसारखी कॉम्प्रेसरच्या आतच असते, शाफ्ट बाहेर येतच नाही. तिथे कोणी शाफ्ट सील बदलायचा खर्च सांगितला तर गाडी परत आणा.