पहिलं क्रेडिट कार्ड : पगार नवा असेल, घर शेतीचं असेल, तर अर्ज कसा करावा

आमच्या तासगाव भागात ‘क्रेडिट कार्ड’ म्हटलं की घरच्यांना आधी किसान क्रेडिट कार्ड आठवतं. सोसायटीचं पीककर्ज, द्राक्षाचे पैसे आले की भरणा, मग नवं-जुनं. बँकेच्या क्रेडिट कार्डाची चाल वेगळी आहे. त्याचं बिल दर महिन्याला येतं आणि दर महिन्याला भरावं लागतं, बाग विकली जावो न जावो. त्यामुळे कुपवाड एमआयडीसीत पहिली नोकरी लागलेल्या किंवा सांगलीत शिकणाऱ्या प्रत्येकानं अर्जाआधी एवढं पाहावं : आपल्या हातात पैसा दरमहा येतो का? घरचा पैसा हंगामाला येतो, म्हणून तो या हिशेबात धरू नका.

कोणाला मिळतं, काय लागतं

वय किमान 18 पूर्ण हवं. अनेक बँका स्वतंत्र कार्डासाठी 21 वर्षांची अट घालतात. पॅन, आधार, फोटो हे सगळ्यांनाच लागतं. नोकरदारानं शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा आणि पगार जमा होतो त्या खात्याचं स्टेटमेंट जोडायचं. स्वतःचा धंदा असेल तर इन्कम टॅक्स रिटर्न. पॅन आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर अर्ज तिथंच अडकतो.

अडचण येते ती विद्यार्थ्यांची आणि नुसती शेती असलेल्या घरातल्या मुलांची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून कित्येक घरांत कधी रिटर्न भरलेलंच नसतं. पगारस्लिपही नाही. त्यांच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड हा सरळ रस्ता आहे, आणि माझ्या मते पहिलं कार्ड म्हणून पगारदारांनाही तेच बरं. ज्या बँकेचं कार्ड हवं तिथंच ठेव ठेवायची. गावातल्या पतसंस्थेची पावती चालत नाही. कार्डावर ठेवीच्या साधारण 75 ते 90 टक्के खर्चाची मर्यादा मिळते, म्हणजे 20,000 रुपयांच्या ठेवीवर 15 ते 18 हजार. ठेवीचं व्याज चालूच राहतं, पण कार्ड असेपर्यंत ती मोडता येत नाही.

अर्ज शाखेत करा किंवा बँकेच्या अ‍ॅपवर. व्हिडिओ केवायसी (व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणं) असेल तर मूळ पॅन कार्ड, कोरा कागद आणि पेन घेऊन रेंज नीट असलेल्या जागी बसा. एका वेळी एकाच बँकेत अर्ज करा, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज आणि परतफेडीच्या नोंदींच्या अहवालात, नोंदली जाते. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे, ते मागून घ्या.

बिलावरची लहान रक्कम

बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय, म्हणजे त्या महिन्यात भरायची कमीत कमी रक्कम. माझ्या पहिल्या कार्डावर मी चार महिने किमान देयच भरत होतो. बँकेचा मेसेज ‘पैसे मिळाले’ असा यायचा आणि मला वाटायचं, फिटलं. कोणी समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून इथे आकड्यांत सांगतो. समजा बिल 20,000 आहे आणि तुम्ही 1,000 भरले. उरलेल्या 19,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 665 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी साधारण 120. म्हणजे भरलेल्या हजारातले 785 परत अंगावर आले. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. खरेदी केली त्या दिवसापासूनच व्याज. एटीएममधून या कार्डावर रोख काढली तर तिला बिनव्याजी दिवस कधीच नसतात, वर शुल्क वेगळं.

पगार 7 तारखेला होत असेल आणि बिलाची शेवटची तारीख 3 असेल तर दर महिन्याला ओढाताण होणार. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून घ्यायची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दिली आहे. शेवटची तारीख पगारानंतर आठवड्याभरात येईल असं चक्र मागा आणि पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लावा. ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर ‘किमान देय’ला खूण नाही ना, हे मात्र स्वतः बघा.

सिबिलसह चारही क्रेडिट संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पुढे घरासाठी किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज मागाल तेव्हा बँक हाच रिपोर्ट उघडते.

न मागता कार्ड आलं तर ते सुरू करू नका. 30 दिवसांत सुरू झालं नाही तर बँकेला ओटीपीनं तुमची संमती विचारावी लागते. ती दिली नाही तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत ते विनाशुल्क बंद करायचं असतं. स्वतःचं कार्ड बंद करायचं असेल तर सगळी बाकी भरून अर्ज द्या, मुदत तीच. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेनं तुम्हाला 500 रुपये द्यायचे असतात. फसवणुकीचा व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. इतर तक्रार आधी बँकेकडे लेखी द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याची माहिती 14448 वर मिळते.