ई-पुस्तक वाचनयंत्र : सुविधा आणि ऊर्जाव्यय

ई-पुस्तके वाचण्यासाठी बनविलेले, बहुधा इलेक्ट्रॉनिक शाईचा पडदा असलेले हातात मावणारे साधन. या पडद्यावर उमटलेले पान टिकविण्यास वीज लागत नाही. ती मुख्यतः पान बदलताना लागते. या गुणास द्विस्थिरता म्हणतात.

पडद्याच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. काही लेखक झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील निक शेरिडन यांच्या १९७० च्या दशकातील ‘गायरिकॉन’ला मान देतात, त्यात अर्धे काळे व अर्धे पांढरे असे सूक्ष्म मणी विद्युत् क्षेत्रात फिरत. साधारण त्याच सुमारास जपानच्या मात्सुशिता कंपनीतील इसाओ ओटा यांनी द्रवात सरकणाऱ्या विद्युत्‌भारित रंगकणांचा पडदा मांडला. आजच्या यंत्रांत मणी फिरत नाहीत, कण सरकतात; हे पाहता ओटा यांची परंपरा अधिक जवळची वाटते. मात्र असे कण गोळा होऊन एका बाजूस साचत. ही अडचण कण सूक्ष्मकुप्यांत बंदिस्त केल्यावर पुष्कळशी दूर झाली. ते काम एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान संस्थेत झाले, त्यातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली व तिचा पडदा वापरणारे सोनीचे ‘लिब्रिए’ २००४ मध्ये बाजारात आले. ॲमेझॉनचे ‘किंडल’ हे वाचनयंत्र नोव्हेंबर २००७ मधील आहे.

पडदा वीज वाचवितो, सॉफ्टवेअर ती खर्च करते. ‘बॅटरी कित्येक आठवडे चालते’ हा उत्पादकांचा दावा बहुधा रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि मंद प्रकाश या गृहीतांवर उभा असतो. पडद्यावर कडेने पसरणारा दिवा (२०१२ पासून रूढ), वाचनस्थानाची इतर साधनांशी आपोआप जुळणी आणि शेकडो पुस्तके एकदम भरल्यावर शोधासाठी पार्श्वभूमीत तयार होत राहणारी शब्दसूची या तिन्हींमुळे तो दावा कोसळतो. शब्दसूचीचा भार मात्र तात्पुरता असतो, त्यामुळे नव्या यंत्राची बॅटरी सदोष ठरविण्याची घाई करू नये. मागील अक्षरांची छटा पुसण्यासाठी प्रत्येक पानाला पूर्ण पडदा ताजा करणेही खर्चिक असते; ठरावीक पानांनंतर ते करण्याची सोय अनेक यंत्रांत असते.

सातारा जिल्ह्यातील वाई येथे मराठी विश्वकोशाचे संपादन झाले, त्याचा पहिला खंड १९७६ चा. अशा कोशग्रंथांच्या छायाप्रती पीडीएफ रूपात वाचणाऱ्यास वेगळाच भार सोसावा लागतो : प्रत्येक पान हे मोठे चित्र असते, ते उलगडणे, लहान करणे व कडा छाटणे यांत प्रक्रियक (प्रोसेसर) गुंतून राहतो. युनिकोड देवनागरीतील ईपब (चित्राऐवजी मजकूर साठविणारे ई-पुस्तकाचे रूप) पुस्तकात जोडाक्षरांची जुळणी करावी लागते खरी, पण तो खर्च त्यामानाने किरकोळ असतो. अक्षराचा आकार बदलल्यास मात्र पुढील पानांची मांडणी नव्याने करावी लागते. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांत पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे असल्याने तेथील वाचकाने पुस्तके आधीच उतरवून घेऊन मग वायफाय बंद ठेवणे आणि छायाप्रतीऐवजी शक्यतो ईपब निवडणे सोयीचे ठरते.