रूट कॅनाल फेल गेलंय की मुळाला तडा गेलाय?

रूट कॅनाल करून, कॅप बसवून दोन-तीन वर्षं झाली आणि आता त्याच दाढेपाशी हिरडीवर पुळी येते, फुटते, परत येते, चावताना ठणकतं. मग ज्याला त्याला एकच वाटतं, रूट कॅनाल फेल, परत करून घ्या. पण मुळाला उभा तडा गेला तरी हेच सगळं होतं, आणि तिथे परत रूट कॅनाल करणं म्हणजे पैसे पाण्यात.

फेल जातं म्हणजे बहुतेक वेळा आत जंतू राहिलेत किंवा नंतर शिरलेत. मुळातल्या नळ्या सरळ नसतातच, वाकड्या, फाटे फुटलेल्या, एकमेकींना जोडलेल्या. वरच्या पहिल्या दाढेला गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा एक जादा बारीक नळी असते, डॉक्टर लोक तिला एमबी२ म्हणतात, ती सापडलीच नाही तर जंतू तिथेच मुक्कामाला. एंटेरोकॉकस फीकॅलिस नावाचा चिवट जंतू अशा दातांत बरेचदा सापडतो. आणि ठणका थांबला की कॅपचं नावच काढायचं नाही, टेम्पररी सिमेंटवर महिनोन्महिने काढायचे, ही आपली सवय! ते सिमेंट झिजतं आणि लाळेबरोबर जंतू परत आत, यात डॉक्टर तरी काय करणार.

तड्याचं वेगळं. दाढ आधीच पोखरलेली, आतून जास्त कोरलेली, त्यात कॅपला आधार म्हणून मुळात जाड पोस्ट (खुंटी) ठोकलेला किंवा झोपेत दात खायची सवय, मग मूळ उभं चिरतं. ही चीर एक्सरेत सहसा दिसत नाही, सीबीसीटीतही (दातांचा थ्रीडी स्कॅन) नळीत भरलेल्या मटेरियलमुळे फसायला होतं. खरी खूण प्रोबने, म्हणजे दात आणि हिरडीमधली खोली मोजायच्या बारीक सळीने कळते, दाढेभोवती सगळीकडे 2-3 मिमी जातो आणि एकाच जागी धपकन खोल. पुळीपण हिरडीच्या कडेजवळ येते, कधी आतून-बाहेरून दोन. नुसत्या इन्फेक्शनची पुळी शक्यतो कडेपासून लांब, मुळाच्या टोकाकडे असते. तरी पक्कं सांगायला कधीकधी हिरडी उघडूनच बघावं लागतं.

इन्फेक्शन असेल तर परत रूट कॅनाल किंवा मुळाच्या टोकाची छोटी सर्जरी, दाढ वाचू शकते. तडा असेल तर बहुतेक वेळा दाढ काढणंच, फार तर अनेक मुळांच्या दाढेचं तेवढं एक मूळ काढतात. म्हणून री-आरसीटीला, म्हणजे परत रूट कॅनालला, हो म्हणायच्या आधी प्रोबिंग केलंत का, एवढं विचाराच.

आणि काहीच त्रास नाही, फक्त एक्सरेत मुळाच्या टोकाशी काळी सावली, म्हणजे हाड झिजल्याची खूण आहे, तर घाई नको. हाड भरायला वेळ लागतो, कधीकधी चार वर्षंसुद्धा.