चंदनतेल: गाभा धरेपर्यंतची वाट

देवघरात सहाणेवर खोड उगाळताना येणारा वास झाडाच्या फक्त गाभ्यात असतो. सालीला आणि बाहेरच्या पांढरट लाकडाला तो जवळजवळ नसतोच. मुळांत मात्र तेल भरपूर, म्हणून पिकलेलं चंदन बुंध्याशी न तोडता मुळासकट उपटतात. गाभा धरायलाच दहा-पंधरा वर्षं जातात, तो नीट भरायला तीसेक. इतकी वाट पाहायला लावणाऱ्या झाडावर सत्तेची नजर पडली नसती तरच नवल.

१७९२ साली टिपू सुलताननं चंदनाला राजवृक्ष ठरवलं. पुढे टिपू गेला, पण तो नियम मैसूर संस्थानानं आणि नंतरच्या सरकारांनीही चालू ठेवला. झाड खासगी जमिनीत उगवलं तरी मालकी सरकारची!

लाकूड मैसूरचं असलं तरी तेल मात्र परदेशात, मुख्यतः जर्मनीत निघत असे. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, निर्यात थांबली आणि लाकूड पडून राहिलं. तेव्हा उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी पुढाकार घेतला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनतज्ज्ञांनी तेल काढून दाखवलं, आणि १९१६ मध्ये संस्थानानं स्वतःचं उत्पादन सुरू केलं. गादीवर नाल्वडी कृष्णराज वडियार होते, दिवाण विश्वेश्वरय्या. दोनच वर्षांत त्या तेलाचा मैसूर सँडल साबण आला. मला या इतिहासातलं हे पान सर्वांत मोलाचं वाटतं.

लाकडाच्या भुग्यातून वाफ सोडून काढलेलं हे तेल फिकट पिवळं, दाट असतं. त्यातला मुख्य घटक सँटॅलॉल. तो सावकाश उडतो आणि इतर सुवासांनाही धरून ठेवतो, म्हणूनच कन्नौजचे अत्तरवाले गुलाबाचा, मोगऱ्याचा अर्क परंपरेनं चंदनतेलात उतरवत आले. प्रतिजैविकं येण्याआधी युरोपात परम्यावर (गनोरिया या गुप्तरोगावर) हे तेल पोटात देत.

सरकारी मालकीनं झाड वाचलं नाही. चोरटी तोड आणि ‘स्पाइक’ रोग यांनी जंगलं विरळ केली, शेतकऱ्याला तर बांधावरचं रोप म्हणजे नसती जोखीम वाटे. अखेर २००१ मध्ये कर्नाटकानं कायदा बदलून जमीनमालकाला झाडाचा हक्क दिला. मग रोपं लागली, शेजारी तूर लावून, कारण चंदन दुसऱ्याच्या मुळांतून अन्नपाणी घेतं. त्या पहिल्या रोपांची तीस वर्षं अजून भरायची आहेत.