उलांडी आणि विषाणूची 'पूरक' जनुके

देवबागजवळ कर्लीच्या शांत खाडीत अरुंद होडी उलांडीवाचूनही, म्हणजे तोल राखायला बाजूला बांधलेल्या लाकडी ओंडक्यावाचूनही चालते; तीच होडी मुखाबाहेर लाटांत काढायची तर उलांडी बांधल्याशिवाय कोणी जात नाही. एचआयव्हीच्या व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू आणि नेफ या चार जनुकांना 'पूरक' हे नाव मिळाले, ते जणू खाडीतली होडी पाहूनच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही पेशींमध्ये ती काढून टाकली तरी विषाणू वाढत असे. मात्र अवघ्या ९,७०० अक्षरांच्या जनुकसंचात नऊच जनुके बाळगणारा विषाणू त्यांतली चार उगीच कशाला वागवील?

याचे उत्तर प्रथम व्हिफने दिले. व्हिफ नसलेले विषाणूकण माणसाच्या टी-पेशींतून (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींतून) बाहेर पडत, पण पुढच्या पेशीत निकामी ठरत. याचे कारण २००२ मध्ये ॲन शीही, मायकेल मालिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. टी-पेशींतले अपोबेक-३जी हे प्रथिन नव्या कणांत शिरून बसते आणि पुढच्या पेशीत विषाणूच्या आरएनएवरून डीएनए घडत असताना त्यातल्या सायटोसिन या अक्षराचे युरॅसिल करत सुटते, त्यामुळे जनुकांचा मजकूरच नासतो. व्हिफ अपोबेक-३जीवर युबिक्विटिनची, म्हणजे 'हे मोडून टाका' अशी खूण लावून घेतो आणि पेशीची स्वतःचीच मोडतोड-यंत्रणा त्याचा निकाल लावते. विषाणूने हत्यारही पेशीचेच वापरावे, हे मला विलक्षण वाटते.

व्हीपीयू हा नव्या कणांना पेशीच्या पृष्ठभागाशी जखडणाऱ्या टेथरिनला दूर करतो. नेफ बाधित पेशीची ओळख प्रतिकारशक्तीला पटवणारे रेणू पृष्ठभागावरून हटवतो. नेफचा भाग गमावलेल्या विषाणूची लागण रक्तातून झालेल्या सिडनीतील रुग्णांमध्ये आजार फार सावकाश वाढल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आतापर्यंत पाहिली ती जनुके एचआयव्ही-१ची. आपल्या कोकण किनाऱ्याच्या दोन टोकांना, मुंबई आणि गोव्यात, १९९०च्या दशकात एचआयव्ही-२ हा त्याचा दुसरा प्रकार आढळला. त्याच्यापाशी व्हीपीयू नाही, पण व्हीपीएक्स हे वेगळे पूरक जनुक आहे. भक्षकपेशींत डीएनएचा कच्चा माल संपवणाऱ्या एसएएमएचडी-१ या प्रथिनाचा तो नाश घडवतो, असे २०११ मध्ये दिसून आले. एचआयव्ही-१ला हे साधत नाही, तरीही अधिक घातक तोच आहे. याचे एक स्पष्टीकरण असे, की डेंड्रायटिक पेशींत (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशींत) एचआयव्ही-२चा डीएनए तयार झाला की त्या पेशी तो ओळखून प्रतिकारशक्तीला सावध करतात, तर एचआयव्ही-१ तिथे डीएनएपर्यंत सहसा पोहोचतच नसल्याने त्याची वर्दीही फारशी लागत नाही.