मराठीच्या जागी चौकोन दिसले तर फोन फॉरमॅट करू नका

साध्या नोकियाच्या आणि अँड्रॉईड २.२ च्या दिवसांत, २०१० च्या पुढेमागे, आमच्या मोबाईलच्या दुकानात रोज कोणी ना कोणी येऊन विचारायचं, "मोबाईलवर मराठी पेपर उघडला की नुसते चौकोन का दिसतात?" फोन बिघडलेला नसायचा, व्हायरसही नसायचा. हँडसेटमध्ये देवनागरी फॉन्टच, म्हणजे मराठी अक्षरं दाखवणारी फाईलच, नसायची. आखातातून भावाने पाठवलेल्या फोनमध्ये अरबी असायची, मराठी नसायची. अँड्रॉईड २.२ ही जुनी सिस्टिम असलेल्या फोनवाल्यांचीही तीच अडचण.

पण इथे येण्याआधी बरेच जण मित्राने सांगितलेला स्टार-हॅश-७३७०-हॅश हा कोड दाबून बसायचे. त्याने नोकिया फॉरमॅट होऊन कोरा होतो, फॉन्ट काही येत नाही. एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या तोंडावर हर्णैचे एक काका असाच फोन घेऊन आले. होड्या पाण्यात उतरवायची घाई, आणि खलाशांचे, बर्फवाल्याचे, व्यापाऱ्यांचे सगळे नंबर गेलेले. चौकोन जागच्या जागी. अर्धा दिवस घालवूनही नंबर परत मिळाले नाहीत, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

उपाय दोन मिनिटांचा होता, तो आम्ही असा सांगायचो. ओपेरा मिनी हा इंटरनेटचा ब्राउझर उघडा. पत्त्याच्या जागी आधीचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असेल तर ते पुसा, नाहीतर पुढचं चालत नाही. मग इंग्रजीत ओपेरा, कोलन आणि कॉन्फिग सलग टाईप करा. येणाऱ्या पानाच्या तळाशी 'यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असं असेल. तिथे 'येस' निवडून सेव्ह करा. आता अक्षरं चित्र होऊन येतील. पान थोडं जड होईल, मजकूर कॉपी होणार नाही, पण वाचता येईल.

ओपेरा मिनी पान थेट उघडत नाही. ते आधी ओपेरा कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरवर जातं, तिथे लहान होऊन फोनवर येतं. म्हणून टॉवरची एकच काडी असली तरी बारावीचा निकाल जीपीआरएसवर, म्हणजे तेव्हाच्या संथ मोबाईल इंटरनेटवर, दिसायचा. मात्र तुमचा पासवर्डही त्याच सर्व्हरवरून जातो, तेव्हा बँकेचं काम त्यावर नको.

खेडहून गाडीचं तिकीट मोबाईलवर काढायला घेऊ नका, असंही सांगायचो. मध्येच कॉल आला की जीपीआरएस थांबायचं, पैशांचं पान अर्ध्यावर अडकायचं आणि मग पैसे कापले की नाही ते कळायचं नाही. त्यासाठी आमच्याकडे कॉम्प्युटर होता, समोर बसून काढून द्यायचो.

"दोन मिनिटांच्या कामाचे वीस रुपये कसले?" असं काहीजण म्हणायचे. फोनला हात लावण्याआधी आम्ही तुमचे सगळे नंबर तुमच्यासमोर मेमरी कार्डवर उतरवून घ्यायचो, वेळ त्यातच जायचा. आमच्याकडून घेतलेल्या हँडसेटला हे सेटिंग फुकट, तेही विकतानाच करून द्यायचो. येताना मेमरी कार्ड फोनमध्येच राहू द्या, असंही सांगून ठेवायचो.