सोय वेगळी, आरक्षण वेगळं: चाळीस टक्क्यांचा घोळ

भाच्याची दहावी जवळ आली तशी ताई शाळेत लेखनिक, म्हणजे परीक्षेत तो सांगेल ते लिहून देणारा, मागायला गेली. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली मराठी शाळा. उत्तर मिळालं, ‘दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर तीसच टक्के आहेत. चाळीस भरत नाहीत, मग कसं देणार?’ ताई मुकाट्याने परतली. पोराच्या उजव्या हातात जन्मापासून जोर कमी. धडा विचारा, घडाघडा सांगतो. पण लिहायला बसला की अर्ध्या पानावर बोटं आखडतात, अक्षर ओळ सोडून खाली उतरतं आणि पुढची पानं कोरी राहतात.

चाळीस टक्क्यांची अट खोटी नाही, ती आहे. पण ती आरक्षणाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. त्या मिळतात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना. ६ ते १८ वयापर्यंतच्या मोफत शिक्षणालाही तीच रेघ. जागा मोजक्या असतात, तेव्हा कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे समजण्यासारखं आहे.

लेखनिक, जादा वेळ, वर्ग तळमजल्यावर घेणं या झाल्या सोयी. त्याच कायद्याचं १७ वं कलम परीक्षेतल्या सोयींबद्दल बोलतं, पण तिथे ४० चा आकडा नाही. फक्त ‘दिव्यांग विद्यार्थी’ म्हटलंय. आणि लेखनिक दिल्याने कुणाची जागा जात नाही. पोराला जे येतं ते कागदावर उतरतं, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात हेच स्पष्ट केलं: लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येत नाही. हा निकाल आपल्याकडच्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून शाळेत टक्क्यांवर वाद घालू नका. ‘लिहिताना अडचण येते, लेखनिक लागतो’ असं सरकारी डॉक्टरांकडून लिहून घ्या. शाळेला अर्ज लेखीच द्या, पोच घ्या आणि एक प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात. जादा वेळ किती? केंद्राच्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

त्याच १७ व्या कलमात दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचाही उल्लेख आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत बऱ्याचदा ती भाषा कन्नड असते. सूट मागण्याआधी दहा वेळा विचार करा. ज्या पोराला उद्या इथेच नोकरी शोधायची आहे, त्याला कन्नड लिहिता-वाचता आलेलं बरं. हात चालत नसेल तर लेखनिक मागावा, भाषा सोडू नये, असं माझं मत. मेंदूलाच तीन लिप्यांचा भार झेपत नसेल, तर मात्र सूट घ्यायला बिलकुल संकोच नको.

पुढे कोल्हापूरला कॉलेजला जायचं ठरलं, तर तिथेही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कायद्याने देशभर चालतं, कर्नाटकातलं म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. आरक्षित जागेसाठी मात्र रहिवासाची अट आहे का, ते प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आधी बघा.

ताईने दुसऱ्यांदा लेखी अर्ज दिला आणि परवानगी आली. मग नवीच अडचण. नेमलेल्या मुलाला कन्नड छान येत होतं, मराठी जोडाक्षरं लिहिताना मात्र तो अडायचा. ‘दृष्टिकोन’ तीनदा सांगावा लागला. शेवटी मराठीच्या पेपरांना नववीतली एक मुलगी मिळाली आणि कन्नडच्या पेपरला तोच मुलगा बसला. मराठीच्या पेपरहून घरी आल्यावर भाचा पहिलं वाक्य बोलला, ‘आई, आज पुरवणी घेतली.’